संस्थेचें आत्मपरीक्षण

वर्धा व बडनेरा ह्यांच्यामधील लोहमार्गावर चांदूर आहे. त्याच जिल्ह्यांत चांदूर बाजारही असल्यामुळें ह्यास चांदूर रेल्वे म्हणतात. अशा तालुक्याच्या गांवीं महाविद्यालय चालविणें सोपें नव्हे. आणि तें कसें चालतें हें स्वतःच लिहून देणें त्याहून अवघड.

उच्च शिक्षणाच्या संस्थांची पारख करण्यासाठीं १९९४ सालीं राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृति परिषद स्थापन झाली. तिचें ठाणें बंगळूर येथें आहे. तिची पद्धति प्रथमदर्शनीं मोठी उदार वाटते. संस्थेनें आधीं आपली हकीकत स्वतः लिहावी, आणि त्यांत बळ सांगावें तसें उणेंही सांगावें. आपल्या मनाशीं आपला हिशेब करावा हा धर्म माणसास जुना आहे. तो संस्थेस लागू केला ह्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं.

अडचण पुढेंच आहे. ह्या अहवालावरून आजवर चारपैकीं गुण पडत आले आणि गुणांवरून श्रेणी ठरत आली. म्हणजे ज्या कागदावर दोष कबूल करावयाचा, त्याच कागदावर बक्षीस मिळवावयाचें! मग उणिवांच्या सदरांत ग्रामीण परिसर, रिक्त जागा, अपुरा निधि एवढेंच बहुधा येतें. तें खोटें नसतें. परंतु त्यांतलें कांहींच आपल्या हातचें नसतें. ‘आम्हीं नीट शिकविलें नाहीं’ हें वाक्य तेथें कोणास आढळलें असेल, तर तो वाचक भाग्यवान म्हणावयाचा. श्रेण्या काढून केवळ मान्य कीं अमान्य एवढेंच ठरवावें, असें २०२४ सालीं जाहीर झालें. पण त्यानें बक्षीस लहान होतें, नाहींसें होत नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत तर एका तपासणी-समितीच्या अध्यक्षांस व सदस्यांस लाचेच्या आरोपावरून अटक झाली. आरोप सिद्ध होवो वा न होवो, श्रेणीस बाजारभाव आला आहे, हें लोकांनीं ओळखलें.

कोणी म्हणेल, मग परीक्षण सर्वस्वीं बाहेरच्यांनींच करावें. आम्हांस तें पटत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटली, म्हणजे वऱ्हाडांतले वर्ग विरळ होऊं लागतात. हजेरीपटावर तें दिसतें. पण कोणत्या मुलीच्या घरीं वेचणीस माणूस नाहीं, आणि ती परतल्यावर बुडालेला भाग तिला कोण शिकवितो, हें बाहेरच्या तपासनिसास कळावें कसें? तें तेथल्या प्राध्यापकासच ठाऊक असतें, आणि बोलण्याची भीतीही त्यालाच असते.

अमरावतीच्या विद्यापीठास गाडगेबाबांचें नांव आहे. बाबा गांवांत शिरले कीं आधीं खराटा हातीं घेत. रात्रीं कीर्तनांत ते प्रश्न विचारीत आणि उत्तर गांवकऱ्यांच्याच तोंडून वदवीत. त्या उत्तरास गुण नव्हते आणि दंडही नव्हता. म्हणूनच तें खरें येत असावें.

तेव्हां आमची सूचना एवढीच, कीं बंगळूरास जाणाऱ्या अहवालाखेरीज प्रत्येक महाविद्यालयानें आणखी एक वही ठेवावी. ती कोठेंही पाठवूं नये. वर्षाअखेर शिक्षक, विद्यार्थी व पालक ह्यांच्यासमोर वाचावी. पहिल्या पानावर एकच प्रश्न असावा: यंदा मध्येंच कोण कोण शिक्षण सोडून गेलें, आणि त्यांच्या घरीं चौकशीस आपल्यांतलें कोण गेलें?