एकट्याचे घर आणि गावाचे कर्तव्य

मनुष्याने एकट्याने राहू नये, याविषयी आपल्या समाजात जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. आणि ज्या गोष्टीविषयी सर्वांचे एकमत असते ती एकदा तपासून पाहावी, ही खोड वकिलीच्या व्यवसायाने आम्हांस लावली आहे. कोणी विधुर झालेला, कोणी अविवाहित राहिलेला, कोणी मुले परदेशी गेलेला असा एकटा दिसला की आपण हळहळतो. ती हळहळ खोटी नसते. परंतु एखाद्यास एकटे राहणेच मानवत असेल, आणि तरीही त्या एकटेपणात भीतीने त्यास ग्रासले असेल, तर त्याच्या आप्तांचे, शेजाऱ्यांचे व देवस्थानाचे कर्तव्य काय? हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो वकालतनाम्याच्या कागदाबरोबर आला.

परसवाडा हे गाव किनाऱ्यावरील वाचकांस नकाशात शोधावे लागेल. मध्यप्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे ठिकाण. भोवती साल व बांबूचे रान आणि गोंड-बैगांच्या वस्त्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर व बालाघाट एकाच राज्यात होते. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि इकडची मराठी घरे इकडेच राहिली. तेव्हापासून येथील घराघरांतून कोणी ना कोणी गोंदिया-नागपुरास असतो, आणि कोणी तरी एक घर धरून मागे राहतो.

असेच एक गृहस्थ मागे राहिले होते. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; सोयीसाठी त्यांस भाऊ म्हणू. वय एकेचाळीस, दोन-तीन दुकानदारांच्या जमाखर्चाच्या वह्या घरी बसून लिहितात, हिशेबात पैशाची चूक नाही. लहानपणापासून गर्दी, अचानक होणारा आवाज, ठरलेल्या क्रमात झालेला बदल हे त्यांस सहन होत नसे. त्यांस स्वमग्नता आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या पस्तिशीत सांगितले. तोपर्यंत गावाने आपले निदान केलेलेच होते: आईने लाडावून ठेवलेला. आई वारली आणि घरात भाऊ एकटे उरले. दार कोणी वाजवले तर अंग थरथरावे, टेलिफोन वाजला तर छातीत धडधडावे, रात्र-रात्र झोप येऊ नये, असे सुरू झाले.

नागपूरचे दोघे वडील बंधू आमच्याकडे आले. भावाचे पालकत्व आपणांस मिळावे, त्यास एखाद्या निवासी संस्थेत ठेवावे आणि घर बंद करावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना घराचा लोभ होता असे कोणी समजू नये. थोरले तर बोलता बोलता रडले. आम्हांसही ते पटले, आणि आम्ही अर्जाचा मसुदा केला. ‘स्वतःचे हित समजण्यास असमर्थ’ ही शब्दयोजना आमचीच.

मसुद्याची एक प्रत भाऊंस वाचावयास दिली, ती रीत म्हणून. तिसऱ्या दिवशी ती परत आली. घराचा खसरा क्रमांक आम्ही चुकीचा घातला होता, तो दुरुस्त केलेला. आईच्या निधनाची तारीख एका दिवसाने चुकली होती, तीही दुरुस्त केलेली. आणि समासात सुवाच्य अक्षरात: ‘वकीलसाहेब, यात असमर्थ असे लिहिले आहे. कशात असमर्थ ते लिहिलेले नाही. यादी द्यावी.’

आम्ही यादी करावयास बसलो. दार वाजले तर उघडण्यास असमर्थ. टेलिफोनवर बोलण्यास असमर्थ. बँकेच्या रांगेत उभे राहण्यास असमर्थ. उत्सवाचा ध्वनिक्षेपक सुरू असता झोपण्यास असमर्थ. पुढे लेखणी थांबली. स्वयंपाक, कपडे, औषधे, विजेचे बिल, घरपट्टी, सारे वेळेवर होत होते. आमच्या स्वतःच्या घरी होते त्यापेक्षा वेळेवर. आणि यादीतील एकही गोष्ट पालक नेमल्याने दूर होणारी नव्हती. पालक नेमला म्हणजे सहीचा अधिकार हलतो; छातीतील धडधड हलत नाही.

कायदाही आम्ही त्यानंतरच नीट वाचला, हे कबूल केले पाहिजे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ती प्रथम विचारात घेतली आणि पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर स्थानिक समितीची योजना केली. पण त्या समितीनेही पालकाची गरज खरोखर आहे काय आणि कोणत्या कामापुरती, हे आधी पाहावयाचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृष्टीच बदलली. त्याचे पाचवे कलम सांगते की दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे व अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. चौदावे कलम सांगते की पुरेसे साहाय्य देऊनही जी व्यक्ती बंधनकारक निर्णय घेऊ शकत नाही, तिलाच मर्यादित पालक द्यावा. तोही ठराविक निर्णयापुरता, ठराविक मुदतीपुरता, आणि तिच्या इच्छेस धरून. साहाय्य आधी, पालक नंतर. भाऊंस साहाय्य असे कोणी काही दिलेच नव्हते. मग ते पुरे पडले नाही हे म्हणावयाचे कसे? अर्ज आम्ही दाखल केला नाही.

येथपर्यंत आमची एक चूक झाली. दुसरी याहून मोठी, कारण ती प्रेमाने केलेली होती. साहाय्य द्यावयाचे ठरल्यावर देवळाच्या समितीतील चौघे, आळीतील शेजारी, त्यांच्या घरच्या स्त्रिया आणि आम्ही, असे सोळा जण एका संध्याकाळी फराळाचे घेऊन भाऊंच्या घरी गेलो. कोणी गाणे म्हटले, कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी ‘माणसांत मिसळावे हो’ असा उपदेश केला. पाऊण तासाने आम्ही समाधानाने परतलो. त्यानंतर आठ दिवस ते दार उघडले नाही. वह्या नेण्यास आलेल्या दुकानाच्या पोरासही नाही.

स्वमग्नता हा शब्दच थोडा फसवा आहे. मनुष्य स्वतःत मग्न आहे, त्यास इतरांची पर्वा नाही, असा त्याचा ध्वनी निघतो. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे या मुलांच्या ओढीमागे चिंता असते, हे त्यांनी त्यातच नोंदवले होते. पुढे दोन दशके दोष मात्र आईच्या माथी मारला गेला. तिच्या थंडपणामुळे मूल असे झाले, असे मोठमोठे विद्वान म्हणत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, त्या मताचे खंडन केले. परसवाड्याची आळी त्या जुन्या विद्वानांच्या बरोबरीने विचार करीत होती म्हणावयाचे. आज हे मान्य आहे की ही जडणघडण जन्मापासूनची असते. तिच्याबरोबर येणारी चिंता मात्र पुष्कळ अंशी भोवतालातून पोसली जाते, आणि म्हणून ती भोवताल बदलून कमीही करता येते. २०१२ साली डेमियन मिल्टन या इंग्रज अभ्यासकाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, एक साधा मुद्दा मांडला: समजुतीचा अभाव दोन्ही बाजूंस असतो. स्वमग्न मनुष्यास आपण कळत नाही, हे खरे. परंतु आपणांस तरी तो कोठे कळतो? त्या संध्याकाळी सोळा शहाण्या माणसांपैकी एकासही एका माणसाच्या चेहऱ्यावरील भीती वाचता आली नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्या धर्मनिष्ठ वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांताचे सेवन आणि जनसमूहाविषयी अनासक्ती यांची गणना केली आहे. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत, हे आपण भक्तिभावाने सांगतो. तीच आवड शेजाऱ्यात दिसली तर तिला विक्षिप्तपणा म्हणतो. अर्थात भाऊ काही साधक नव्हेत, आणि त्यांस साधक ठरवून मोकळे होणे ही दुसरी पळवाट होईल. साधूस कोणी दूध नेऊन दिले नाही तरी चालते, असे आपण समजतो, तसे येथे चालणार नाही. आमच्या कोंकणी बांधवांचा ‘एकसुरो’ हा शब्द आम्हांस या संदर्भात नेहमी आठवतो. एकटा असणे आणि एकटे पडणे यांतील अंतर तो शब्द बोलणाऱ्याच्या स्वरावर सोडतो. भाऊंस एकटे असावयाचे होते. एकटे पडावयाचे नव्हते.

मग केले काय? फार थोडे. आम्ही पत्र लिहून क्षमा मागितली आणि विचारले की काय केलेले चालेल. पुन्हा यादीच आली. कोणीही आधी चिठ्ठी टाकल्याशिवाय येऊ नये. चिठ्ठीत दिवस, वेळ व काम लिहावे. शेजारच्या काकूंनी दार वाजवावयाचे झाल्यास दोनदा वाजवून ‘भाऊ, मी आहे’ असे म्हणावे. उत्सवात ध्वनिक्षेपक केव्हा सुरू होणार व केव्हा बंद होणार याचा कागद आठ दिवस आधी मिळावा. हे शेवटचे कलम वाचून आम्ही चपापलो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे, तो नियम दाखवून समितीशी भांडण्याची आमची तयारी झालेली होती. आणि येथे मागणी आवाज बंद करण्याची नव्हतीच. तो केव्हा थांबेल हे ठाऊक असावे, एवढीच होती. समितीने कागद दिला. त्यानंतर एका वर्षी कीर्तन वेळेपेक्षा वीस मिनिटे लांबले तेव्हा दुसऱ्या दिवशी समितीस वीस मिनिटांचा हिशेब विचारणारी चिठ्ठी आली, तो भाग निराळा.

दर्शनाचाही प्रश्न होता. भाऊ दुपारी, देऊळ मिटण्याच्या सुमारास, कोणी नसता येत. आरतीस कधीच नाही. त्यावर कुजबुज होती. पुजारीबुवांनी ती मिटवली. बाजूचे दार ते रोज पाव तास अधिक उघडे ठेवतात, आणि त्या वेळी स्वतः भांडी घासावयास मागे जातात. गोव्यातील व किनाऱ्यावरील आपल्या देवस्थानांच्या महाजनमंडळींनी जत्रेच्या गर्दीत न येऊ शकणाऱ्यांसाठी असा पाव तास कोठे राखला आहे काय, हे आम्हांस जाणून घ्यावयाचे आहे.

झोपेसाठी व धडधडीसाठी नागपूरच्या डॉक्टरांचे औषध आणि सल्ला चालू आहे. स्वमग्नता बरी करण्यासाठी नव्हे, चिंता आवाक्यात राहावी म्हणून. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा चालू केली आहे. टेलिफोनचीच भीती असणाऱ्यास तिचा काय उपयोग, असे आम्ही म्हटले होते. परंतु ती काकूंच्या उपयोगी पडली. भाऊंचा श्वास कोंडल्यासारखा होई तेव्हा काय करू नये हे त्यांस त्यावरून कळले. स्वमग्न मुलांसाठी आता बरेच काम होते; दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम १९९१ पासून, पर्वरीची सेतू गोव्यात, ही नावे वाचकांस ठाऊक असतील. मूल चाळिशीचे झाले आणि आई गेली, म्हणजे मात्र बहुतेक ठिकाणी कागद संपतो.

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, हा मिसिसिपीतील फॉरेस्ट या लहान गावचा. १९३७ मध्ये, वय अवघे तीन-चार वर्षांचे असता, त्यास संस्थेत ठेवण्यात आले होते. सुमारे वर्षाने आईबापांनी त्यास परत आणले. तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, आईबापांच्या पश्चात त्याच घरात एकटा राहिला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. पत्रकार त्याचा शोध घेत आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस बजावले की याला त्रास झाला तर आमच्याशी गाठ आहे. आता, ती बँक त्याच्याच घराण्याची होती, हे विसरता येत नाही. पैशाने पुष्कळ साधते. परंतु संपूर्ण गाव पैशाने विकत घेता येत नाही.

थोरल्या बंधूंचा एक आक्षेप अजून उरला आहे, आणि तो आम्ही खोडू शकलो नाही. ‘वकीलसाहेब, तो एखाद्या रात्री पडला आणि सकाळपर्यंत कोणास कळले नाही, तर तुमचे पाचवे कलम काय करील?’ याचे उत्तर कायद्यात नाही. संस्थेत ठेवल्याने हा धोका कमी होईल, हेही खरे. आम्ही एवढेच म्हणालो की धोका तुमच्या-आमच्या घरीही आहे, आणि तो कमी करण्यासाठी आपणांस कोणी घराबाहेर काढीत नाही. त्यांचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झालेले नाही.

उपाय भाऊंनीच सुचवला. ओसरीवरचा दिवा रात्री लावावयाचा आणि सकाळी सातच्या आत मालवावयाचा. सातनंतर तो जळत दिसला तर काकूंनी दार वाजवावे. मागल्या श्रावणात एके सकाळी दिवा तसाच जळत होता. काकूंनी दोनदा वाजवून नाव सांगितले. बऱ्याच वेळाने दार उघडले. अंगात ताप होता. काकूंनी पेज करून उंबऱ्याशी ठेवली आणि त्या परत आल्या.

पंधरा दिवसांनी आमच्या कार्यालयात एक लिफाफा आला. आत आमचीच जुनी यादी होती, घडीवर विरलेली. पहिल्या कलमावर, दार उघडण्यास असमर्थ या शब्दांवर, पट्टीने सरळ रेघ मारलेली, आणि खाली तारखेसह दुरुस्ती: ‘काकू असल्यास उघडता येते. नोंद घ्यावी.’