हरिणापुढें टाकलेले दाणे

कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें सन १९८० मध्यें स्थापिलेलें काळविटांचें लहानसें अभयारण्य आहे. सभोंवतीं शेतें असल्यामुळें कळप पिकांतही शिरतात. अशा सुंदर प्राण्यास जवळून पाहावें म्हणून कोणीं बांधावर मक्याचे दाणे टाकिले, तर त्यांत दोष काय?

विचार करा. व्याधही प्रथम दाणेच टाकितो. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आमिष दाखविणें हेंही शिकारींतच गणिलें आहे. दोन हातांतील अंतर आपणांस कळतें, हरिणास कळत नाहीं. दयाळू हातानें त्याचें भय मोडिलें, म्हणजे निर्दय हाताचें अर्धें काम झालें. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरानें एकाएकीं पुष्कळ धान्य खाल्लें तर तें मरूंही शकतें. शेळ्या पाळणाऱ्यांस हें सांगावयास नको.

तर मग दया करूंच नये काय? करावी, परंतु आधीं स्वतःस विचारावें कीं, हे दाणे त्याच्या पोटासाठीं आहेत, कीं माझ्या डोळ्यांच्या हौसेसाठीं? खरी दया कुरण राखिते, पाणवठा स्वच्छ ठेविते, आणि ज्या शेजाऱ्याचें पीक हरिणांनीं खाल्लें त्याच्या पंचनाम्यास साक्षीला उभी राहते. तिच्यानें हरीण जवळ येत नाहीं, पण जगतें.

मनुष्यांविषयींही असेंच आहे. ज्याचा विश्वास आपण दाणे देऊन मिळविला, त्याच्या पुढील बऱ्यावाइटाचा जाब आपणांसच द्यावा लागेल.