कुणाकडचे तुम्ही?

पाथरीच्या बसस्थानकाबाहेर मानवतला किंवा सेलूला जाणाऱ्या काळी-पिवळीत बसलं, की ड्रायव्हर मागं वळून विचारतो, "कुणाकडचे तुम्ही?" प्रश्न एवढासा, उत्तर लांबलचक. आडनाव सांगायचं, गल्ली सांगायची, तेवढ्यानं भागलं नाही तर आजोबांचं नाव काढायचं. सीट भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. तेवढ्या वेळात तुम्ही कुठं चाललात, घरात कोण आजारी आहे, पोरीचं कुठं जमलं, सगळं त्याच्याकडं जमा होतं. पुण्यात पहिल्यांदा ॲपवरून मागवलेल्या गाडीत बसलो, तेव्हा ड्रायव्हरनं ओटीपीचे चार आकडे तेवढे विचारले आणि पुढं तासभर एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, काय हे सुख! इथं कुणाला कुणाच्या घरचं काही ठाऊक नाही.

ते सुख फसवं होतं हे कळायला वेळ लागला. काळी-पिवळीवाल्याला माझं ठाऊक होतं तसं मलाही त्याचं ठाऊक होतं. त्याचं घर कुठं, जीप कुणाकडून पैसे घेऊन घेतली, थोरला भाऊ वेगळा का झाला. त्यानं माझी गोष्ट चारचौघांत वाकडी करून सांगितली, तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन "का रे बाबा?" असं विचारता येत होतं. ॲपला ओटा नसतो.

पण गावाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. कोण मुलगी कुणाच्या गाडीवरून उतरली, एवढ्या एका माहितीवर तिची शाळा सुटलेली मी पाहिली आहे. माहिती हे हत्यार आहे, हे गावाला कंपन्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

आणि ज्याच्या जन्माशी पाथरीचं नाव जोडलं जातं, त्यानं तर आपली माहिती कुणाला दिलीच नाही. शिर्डीच्या साईबाबांनी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, जात-धर्म विचारणाऱ्यांना दाद दिली नाही. 'साई' हेही लोकांनी दिलेलं नाव. दाभोळकरांच्या साईसच्चरितातसुद्धा आई-वडील नि जन्मगाव अज्ञातच आहे. तो रकाना आम्ही भरायला निघालो. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईंचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची घोषणा केली, शंभर कोटींचा आकडा आला आणि १९ जानेवारीला निषेधात शिर्डी बंद झाली. पाथरीकर म्हणून तेव्हा मीही हिरीरीनं भांडलो. आज वाटतं, ज्यानं आयुष्यभर एक गोष्ट स्वतःजवळ ठेवली, तिच्यासाठी दोन गावं हमरीतुमरीवर आली आणि त्याला काय हवं होतं हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. फकिरानं तो हक्क निकालाची वाट न पाहता वापरला होता. अर्थात आज त्याला ॲपवरून साधी रिक्षाही मिळाली नसती. मोबाइल नंबर कुठला देणार?

आपण मात्र सगळं देतो, आणि मग ते सांडतं. २०१६ मध्ये उबर या टॅक्सी-ॲप कंपनीच्या पाच कोटी सत्तर लाख ग्राहक नि चालकांची माहिती चोरीला गेली. कोठाराची किल्ली कंपनीच्याच इंजिनिअरांनी प्रोग्रॅम ठेवण्याच्या जागी लिहून ठेवलेली होती. उंबऱ्यावरच्या कोनाड्यात किल्ली ठेवून शेताला जावं, तसंच ते. चोरी कुठंही होते, त्याचं मला फारसं नवल नाही. नवल पुढचं आहे. कंपनीनं चोरांना एक लाख डॉलर दिले, 'आम्ही काही नेलं नाही' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि वर्षभर तोंडातून ब्र काढला नाही. सुरक्षेचा प्रमुख जो सुलिव्हन हा एकेकाळी सायबर गुन्ह्यांचे खटले चालवणारा सरकारी वकील. २०२२ मध्ये तोच दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी प्रोबेशनवर सुटला. अमेरिकेतल्या राज्यांशी कंपनीनं १४ कोटी ८० लाख डॉलर भरून तडजोड केली.

चोराची भीती एक, घरच्याची वेगळी. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकानं एका प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. तिचे वैद्यकीय कागद कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं मिळवले, जवळ बाळगले, वरिष्ठांना दाखवले. हे २०१७ मध्ये उघड झालं. त्या कागदांवरून तिच्याबद्दल काय काय शंका घेतल्या गेल्या असतील, ते आमच्या पारावर बसलेल्या कुणालाही न सांगता कळेल. कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुख्यालयातही शेवटी पारच भरला होता.

"नाव पुसलं की झालं," असं मला एका जाणकारानं ऐकवलं. झालं नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी खात्यानं २०१३ मधल्या सतरा कोटींहून अधिक फेऱ्यांची नोंद गाड्यांचे नंबर सांकेतिक करून माहिती मागणाऱ्याला दिली. एका प्रोग्रॅमरनं ते संकेत काही तासांत उलगडले. मग टॅक्सीत चढणाऱ्या नटनट्यांचे जुने फोटो जुळवून, कोण कुठं उतरलं नि बक्षिशी किती दिली, हेही कुणीतरी काढलं. पाथरीत एवढा खटाटोप कशाला? रोज सकाळी सव्वासहाला अमुक गल्लीतून निघून परभणीच्या अमुक दवाखान्यासमोर उतरणारा माणूस कोण, हे पानटपरीवाला नाव न वाचता सांगेल. मोठ्या शहरात गर्दी थोडंफार झाकते. आमच्याकडं तेही पांघरूण नाही.

या सगळ्या चर्चेत 'ग्राहक, ग्राहक' असा घोष चालतो, याचा मला राग येतो. आमच्या भागात ॲपची गाडी मागवणारे थोडे, पुण्यात जाऊन ती चालवणारी पोरं पुष्कळ. ग्राहक नंबर नि पत्ता देतो. चालक लायसन्स, आधार, पॅन, बँकेचं खातं, गाडीचे कागद आणि स्वतःचा चेहरा देतो. उबरच्या त्या चोरीत अमेरिकेतल्या सहा लाख चालकांचे लायसन्स नंबर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये रॅपिडोच्या अभिप्राय नोंदवायच्या फॉर्ममधून अठराशेवर नोंदी उघड्या पडल्याचं निघालं, त्यातही चालकांचे फोन नंबर भरपूर. नेदरलँड्सनं ऑगस्ट २०२४ मध्ये उबरला २९ कोटी युरोंचा दंड केला, तो चालकांचीच माहिती पुरेशा संरक्षणाविना अमेरिकेत नेली म्हणून. फ्रान्समधले पावणेदोनशेच्या आसपास चालक तक्रार घेऊन उभे राहिले, तेव्हा हे घडलं. आमच्या पोरांना तक्रार कुठं करायची तेच ठाऊक नाही. आयडी बंद होईल या धाकानं ती तशीही गप्प असतात.

आपल्याकडं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना आणखी १८ महिने मिळाले. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवावं लागेल, ही त्यातली चांगली गोष्ट. दंड २५० कोटींपर्यंत. पण तो सरकारच्या तिजोरीत जमा होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं जे कलम आहे, तेही हे १८ महिने सरले की याच कायद्यानं निघून जाणार. शेजाऱ्याच्या बैलानं माझं पीक खाल्लं, दंड ग्रामपंचायतीनं घेतला आणि मी बांधावर उभा.

परवा झेरॉक्सच्या दुकानात होतो. तिथली रीत अशी, की कागदांचे फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे, तो प्रिंट काढतो. फोटो मग त्याच्या कॉम्प्युटरवर तसेच राहतात. आम्हा अर्ध्या गावाचं आधार तिथं पडून असेल. एक पोरगं पुण्याला गाडी चालवायला निघालं होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलेलं, त्याआधी ॲपवर कागद चढवायचे. त्यानं लायसन्स चढवलं, पासबुक चढवलं, इंग्रजीतली लांबलचक अटींची यादी अंगठ्यानं सर्रकन खाली सारून 'मान्य' दाबलं. मग मोबाइल तोंडासमोर धरला, मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, सांगितलं तेव्हा डोळे मिचकावले.

दुकानदारानं पैसे घेता घेता विचारलं, "कुणाकडचा रे तू?"

पोरगं जरा बिचकलं. "बाभळगावकडचा," एवढंच म्हणालं आणि कागद गोळा करून निघालं.