मुक्या जिवाला कसं विचारायचं?

शेतकऱ्याच्या घरात मांजर कुणी पाळत नाही, ते आपलं आपण राहतं. बैल दावणीला, शेळी खुंट्याला, कुत्रं दारात. मांजराला दावंही नाही नि खुंटाही नाही. जिथं धान्य तिथं उंदीर आणि जिथं उंदीर तिथं मांजर. आमच्या माणदेशात कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, तरी मांजर काही घर सोडून गेलं नाही. त्याला मारू नये, हेही सगळ्यांना ठाऊक. हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं म्हातारी माणसं सांगायची. घरात बायकांच्या नाकात घालायला सोनं नव्हतं, तिथं मांजराला कुठलं आणणार? म्हणून सगळे जपून असायचे.

पण त्याच गावात पिल्लं पोत्यात घालून बाजारतळावर नाहीतर ओढ्यापलीकडं सोडून येणारी माणसंही होती. अजून आहेत. आपण आपल्या हातानं जीव घेतला नाही, एवढंच त्यांचं समाधान. पुढं कुत्र्यानं धरलं, गाडीखाली गेलं, उपाशी मेलं, ते ज्याचं त्याचं नशीब. मांजरीचे दिवस भरायला जेमतेम नऊ आठवडे लागतात. वर्षाला दोन-तीन वेतं, एका वेताला तीन-चार पिल्लं. त्यातली किती जगली हे कुणी मोजत नाही.

आमची मनी नातीनं शाळेच्या वाटेवरनं उचलून आणलेली. पाच-सहा महिन्यांची झाली, वजन दोन किलोच्या आतबाहेर, आणि रात्री दारात बोक्यांचं रडगाणं सुरू झालं. मुलगा म्हणाला, "आबा, ऑपरेशन करून आणू तिचं." आमची कारभारीण चुलीपासनंच बोलली, "एक वेत तरी होऊ द्या की तिचं. बाईच्या जातीला तेवढं बी नको का?" शेजारचे अण्णा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "देवानं दिल्यालं काढून घेणारं आपुन कोण?"

दोघांचंही बोलणं मला खोटं वाटलं नाही. एक वेत होण्याची शरीराला काही गरज नसते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण ते झालं शरीराचं. अण्णांचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता. मी त्यांना एवढंच म्हणालो, "अण्णा, मग बैलाचं काय?"

माझ्या लहानपणी खिलार खोंड औताला धरायच्या आधी बडवायचे. खोंड पाडायचा, चारी पाय बांधायचे, दोन-तीन गडी अंगावर बसायचे आणि लाकडाच्या दांडक्यांत धरून शिरा ठेचायच्या. गुंगी नाही, इंजेक्शन नाही. पुढं जनावरांच्या दवाखान्यात चिमटा आला आणि कातडी न फाटता काम होऊ लागलं. त्या दिवशी आमचे वडील जेवायचे नाहीत. पुढचे कितीतरी दिवस खोंडाला जू दाखवायचे नाहीत. रात्री गोठ्यातच झोपायचे, कंदील धरून सूज बघायचे, कोवळं कडवळ स्वतः कापून आणायचे. गड्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "जनावर हाय, हुतंय बरं." त्यावर वडील म्हणाले, "आपुन त्याला इचारून केलंय का? न्हाई न्हवं? मग आता तरी त्याचं ऐकाय पायजे."

या एका वाक्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. १९७६ साल मी पाहिलं. आणीबाणी होती, मी सोळा वर्षांचा होतो. नसबंदीची जीप येतीय म्हटलं की बापे माणसं ज्वारीच्या ताटांत जाऊन बसायची. त्या वर्षी आपल्या विधानसभेनं सक्तीच्या नसबंदीचा कायदाही मंजूर केला होता, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. लोकसंख्या कमी व्हावी, यात वाईट काय होतं? वाईट एवढंच, की ज्याला विचारता येत होतं त्याला विचारलं नाही. माणसाला तोंड आहे, तो हो म्हणतो, नाही म्हणतो. मांजर काय म्हणणार? तिच्याकडनं होकार मिळत नाही, आणि नकार दिला नाही म्हणजे परवानगी दिली, असंही होत नाही.

मग काय, हात लावायचाच नाही? तसं म्हणायला बरं वाटतं. पण आपण तिला घरात घेतलं, दूध घातलं, बोक्यांच्या वाटेवर आणून बसवलं. आता पुढचं निसर्गानं बघावं, असं म्हणणं म्हणजे ते बाजारतळावरचं पोतंच. तिथंही न विचारताच ठरवलेलं असतं. फक्त पुढं काय झालं ते बघायला कुणी थांबत नाही.

म्हणून आम्ही मनीला नेलं. पोटातली पिशवी आणि बीजकोश काढले. घरी आणली तेव्हा डोळे उघडे होते, पण तिला कशाचीच शुद्ध नव्हती. मागचे पाय लटपटत होते. गुंगीत अंग गार पडतं, म्हणून तिला वाकळेत गुंडाळली आणि जमिनीवरच ठेवली. बाजेवर ठेवली तर गुंगीतच खाली पडायची. पुरती शुद्धीवर आल्यावर चमचा-दोन चमचे पाणी दिलं, रात्री थोडंसं खाणं. डाव्या कुशीवरचे केस भादरलेले, तिथं बोटभर टाके. ते चाटू नयेत म्हणून गळ्यात नसराळ्यासारखी प्लॅस्टिकची कॉलर. जखमेला माती लागू नये म्हणून घमेल्यात माती न टाकता कागदाचे तुकडे टाकले. उड्या मारू नयेत म्हणून कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवली. कारभारीण हळद घेऊन आली, पण डॉक्टरांनी जखमेला काहीही लावायचं नाही म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मनी कण्हायला लागली, तेव्हा अण्णा दयेपोटी आपली तापाची गोळी अर्धी मोडून घेऊन आले. ती पॅरासिटामॉलची होती. माणसाचं औषध मांजराला विष ठरतं, अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो. अण्णा ती गोळी खिशात घालून कितीतरी वेळ गप्प बसून राहिले. दया असली तरी तिला माहितीची जोड लागते, हे त्यांच्याबरोबर मलाही पटलं.

वडिलांचं ते वाक्य मला या दहा दिवसांत नीट कळलं. मुक्या जिवाचं ऐकायचं म्हणजे त्याच्याकडं बघायचं. तिनं खाल्लं का, टाक्याला सूज आहे का, पाणी सुटलंय का, ती अंधारात तोंड घालून बसलीय का? दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठायचा. रात्री मी नि कारभारीण आळीपाळीनं उठत होतो. एक वेत होऊ द्या म्हणणारीच तिच्यासाठी जास्त जागली.

दहाव्या दिवशी टाके काढले. त्याच संध्याकाळी मनी माझ्या मांडीवर येऊन गुरगुरायला लागली. नात म्हणाली, "आबा, तिनं आपल्याला माफ केलं." मला तसं म्हणवत नाही. काय गेलं हे तिला ठाऊक नाही, कुणी नेलं हेही ठाऊक नाही. ती माफ कशी करणार? तिच्या गुरगुरण्याला मी पावती समजत नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, खांद्याला हळद-तूप चोळतात. ते करावंच. पण त्यानं वर्षभराचे चाबूक पुसले जात नाहीत, हे चोळणाऱ्याला माहीत असावं. मनीचं आम्ही जे केलं ते करायला हवंच होतं, असं मला अजून वाटतं. ते फुकट झालं, असं मात्र वाटत नाही.

परवा वस्तीवरची एक सून आली. तिच्याही घरी सहा महिन्यांची मांजरी आहे. डॉक्टरांचा पत्ता मागत होती. मी पत्ता दिला आणि म्हणालो, "ने बाई, जरूर ने. पण दहा दिवस घरात कुणी तिच्याजवळ थांबणार असंल, तरच ने. सध्या खुडणी चाललीय. ती उरकू दे, मग ने."