विषाची विल्हेवाट आणि गावाची बैठक

भारताकडे रासायनिक अस्त्रे होती आणि ती भारताने आपणहून नष्ट केली, असे सांगितले तर आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीतच काय, नागपुरातही चांगले शिकलेले लोक चमकून बघतात. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त निवेदन काढले होते की, ही अस्त्रे आम्ही बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही. पुढच्या जानेवारीत पॅरिसला रासायनिक अस्त्रबंदी करारावर भारताची सही झाली. करार लागू झाला एप्रिल १९९७ मध्ये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने करार राबवणाऱ्या हेगच्या संस्थेला कळवले की आमच्याकडे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड आहे. २००९ पर्यंत तो साठा संपला. अल्बेनिया आणि दक्षिण कोरिया यांच्यानंतर हे काम पुरे करणारा भारत तिसरा देश. अमेरिकेला त्यासाठी २०२३ साल उजाडले.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. तरी ती आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही, कारण ती लोकांना सांगितलीच गेली नाही. हेगहून परदेशी निरीक्षक येत, मोजमाप करत, शिक्के तपासत. ज्या गावांच्या शेजारी हे विष पडून होते, त्या गावांना मात्र काही विचारावे अशी कायद्याची अपेक्षाच नव्हती.

मी चामोर्शीत शाळेत विज्ञान शिकवले. मस्टर्ड गॅस हा नावापुरताच गॅस, प्रत्यक्षात तेलकट द्रव. कातडीला लागला तरी लगेच काही वाटत नाही. काही तासांनी फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसे सोलवटतात. १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर तो पहिल्यांदा वापरला गेला. पुढे रावळपिंडीच्या छावणीत इंग्रज शास्त्रज्ञांनी आपल्याच फौजेतल्या हिंदी सैनिकांवर त्याचे प्रयोग केले, फोड येऊन सैनिक दवाखान्यात पडले, आणि ही कागदपत्रे लोकांसमोर आली ती २००७ मध्ये. हे सांगितले की वर्ग गप्प होई. पण मुलांना खरा धक्का बसे तो पुढच्या गोष्टीने: सरीनसारखी मज्जासंस्थेवर घाला घालणारी अस्त्रे आणि कृषी केंद्रात मिळणारी काही कीटकनाशके एकाच रासायनिक कुळातली, दोन्हींवर उतारा म्हणून दवाखान्यात ॲट्रोपिनच देतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हा धडा मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. महासंहारक अस्त्र म्हणजे दूर कुठे तरी वाळवंटातले प्रकरण, ही समजूत आमच्या भागात फार काळ टिकत नाही.

विदर्भाला हा प्रश्न थेट विचारला गेला तो २०११ मध्ये. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात सुमारे ३५० टन विषारी कचरा तेव्हाही पडून होता. आधी तो गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचे ठरले होते. गुजरातने नकार दिला. मग मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळच्या बोरखेडीत, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या भट्टीत जाळावा असा आदेश दिला. हा कचरा अस्त्र नव्हे, हे खरे. पण भट्टी संरक्षण खात्याची, विष एका रात्रीत हजारो माणसे मारणाऱ्या कारखान्यातले, आणि आजूबाजूला माणसांची गावे. अस्त्रांच्या विल्हेवाटीचा प्रश्न यापेक्षा जवळून आपण पाहिलेला नाही. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकार विरोधात उभे राहिले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. कचरा आला नाही.

त्या दिवसांत बोरखेडीजवळच्या बुटीबोरीकडचा माझा एक सोयरा म्हणाला होता, "जाळाचं तं जाळा, पण आमाले पुसून जाळा ना जी." सभांमधल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य अधिक शहाणपणाचे वाटले. कारण त्यात नकार नव्हता, अट होती.

ती अट कोणी ऐकली नाही. सरकारने विचारले नाही, आणि आम्हीही 'इथे नको' म्हणून थांबलो. 'मग कुठे आणि कसे' हा प्रश्न विदर्भाने उचलला नाही. पुढच्या वर्षी तो कचरा विमानाने जर्मनीला न्यायचे घाटत होते, तिथल्या लोकांनी आवाज उठवल्यावर तेही बारगळले. दरम्यान भोपाळच्या त्या आवाराभोवतीच्या वस्त्या दूषित पाणी पीत राहिल्या. शेवटी १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरकडे निघाले. तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनच्या अखेरीस तो ३३७ टन कचरा जळून संपला. दुर्घटनेला चाळीस वर्षे उलटून गेली होती. बोरखेडीचा नकार योग्यच होता असे मी आजही म्हणेन. पण नकारावर थांबलेली चळवळ विष नष्ट करत नाही, ते पुढच्या गावाकडे ढकलते. आणि पुढचे गाव बहुधा आपल्यापेक्षा दुबळे असते.

याच्या उलट घडलेली एक हकिगत अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली आहे. रिचमंड गावाजवळ लष्कराचे ब्लू ग्रास कोठार आहे. तिथे मस्टर्ड, सरीन आणि सरीनच्याच कुळातले व्हीएक्स मिळून पाचशेहून अधिक टन साठा होता. १९८४ मध्ये लष्कराने गावकऱ्यांना बोलावून सांगितले की हा साठा इथेच भट्टीत जाळणार. व्हिएतनाम युद्धातून परतलेला क्रेग विल्यम्स नावाचा एक गृहस्थ तिथे लाकडी फर्निचरचे काम करत असे. त्याने आणि शेजाऱ्यांनी विरोध सुरू केला. पहिला मोह तोच, की हे दुसरीकडे न्या. पण साठा हलवणे जाळण्याहून धोक्याचे ठरू शकते हे कळल्यावर त्यांनी मागणी बदलली: इथेच नष्ट करा, पण धुराड्यातून काय बाहेर पडेल याची खात्री नाही, तेव्हा दुसरी पद्धत शोधा. साठे असलेल्या इतर ठिकाणच्या लोकांना त्यांनी जोडून घेतले.

१९९६ मध्ये अमेरिकी संसदेने लष्कराला जाळण्याखेरीजचे पर्याय तपासायला लावले. मग एक संवाद-गट बसला. त्यात लष्करी अधिकारी, राज्यांचे पर्यावरण अधिकारी आणि साठ्यांजवळचे रहिवासी एकाच टेबलाला होते. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक छोटी सोय. त्या गटातल्या चार नागरिकांची एक तांत्रिक समिती होती आणि तिला स्वतःचा तज्ज्ञ सल्लागार मिळाला होता, लष्कराचा नव्हे. कंपन्यांनी मांडलेल्या पद्धती तपासताना हे चौघे आत बसत. वाद मिटले नाहीत, पण ते आता माहिती असलेल्या माणसांचे वाद झाले. केंटकीत आणि कोलोरॅडोतल्या प्वेब्लोत रसायनाने विष निकामी करण्याची पद्धत ठरली. पुढे काही तोफगोळे वेगळ्या स्फोट-कक्षात नष्ट करावे लागले, तेव्हा तोच समाज त्याला तयार झाला. ७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या घोषित साठ्यातले शेवटचे अस्त्र ब्लू ग्रासमध्येच निकामी झाले.

एकोणचाळीस वर्षे! एवढा वेळ लागला म्हणून नाक मुरडणारे आहेत. भोपाळचा कचरा कोणालाही न विचारता साधारण तितकीच वर्षे पडून होता, एवढे त्यांनी लक्षात ठेवावे.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच देशात इंडियाना राज्यातल्या न्यूपोर्टचे व्हीएक्स निकामी केल्यावर उरलेले सांडपाणी आधी ओहायोतल्या डेटनला, मग न्यू जर्सीला पाठवायचे ठरले. दोन्हीकडच्या लोकांनी नाकारले. शेवटी ते टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरला गेले, जिथे कृष्णवर्णीय आणि गरीब वस्ती मोठी आहे आणि तेलशुद्धीकरणाचा धूर आधीच भरपूर. पीथमपूरचे भाऊबंद जगभर आहेत.

हे सगळे वाचताना मला मेंढा आठवते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) आमच्या चामोर्शीहून फार लांब नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गोंड गावाची. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. बाहेरचे लोक घोषणेवर लट्टू होतात. मला तिथली खरी किमया वाटते ती अभ्यास गटाची. गावचे देवाजी तोफा, त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी बसत, बाहेरचा जाणकार बोलावत, कायदा वाचत, प्रश्न विचारत. या गटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचे. निर्णय ग्रामसभेत आणि तोही हात मोजून नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचा विरोध राहिला तर थांबायचे, पुन्हा बसायचे. मध काढताना माश्या माराव्या लागू नयेत, यासारख्या गोष्टीवरही तिथे असा अभ्यास झाला आहे. केंटकीतल्या चौघांचा सल्लागार आणि मेंढ्याचा अभ्यास गट यांत मला तरी फरक दिसत नाही.

आणि आपली जनसुनावणी? आमच्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत खाणी आणि कारखाने आले, त्यामुळे हा सोहळा मी जवळून पाहिला आहे. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. वाचायला महिनाभर. मंडपात पुढच्या खुर्च्या आधीच भरलेल्या, मागे बंदोबस्त, आणि बोलायला उठलेल्या बाईला 'थोडक्यात सांगा' असे तिसऱ्या वाक्यालाच सांगितले जाते. रोजगाराच्या घोषणा एका बाजूला, मुर्दाबाद दुसऱ्या बाजूला. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवावा तसे लोकमत मिरवून परत गोठ्यात नेऊन बांधतात. संवाद म्हणून जे काही होते, ते अभ्यासाशिवाय होते, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे मत ठरते.

तरीही ही तोकडी सुनावणी असणे नसण्यापेक्षा बरे. संरक्षणाच्या बाबतीत तीही नाही. पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेने देशाच्या संरक्षण आणि सुरक्षेशी निगडित प्रकल्पांना लोकांशी विचारविनिमय करण्यातून सूट दिली आहे. आमच्या वैनगंगेच्या वरच्या अंगाला भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, इकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, अशा आयुध निर्माण्यांच्या शेजारी आपण राहतो. तिथे रासायनिक अस्त्रे बनत नाहीत, पण दारूगोळा आहेच. जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. काय बनवता, किती बनवता हे गुप्त ठेवण्यामागचे कारण मला समजते. नष्ट करताना मात्र ते कारण उरत नाही. मस्टर्डचा साठा किती आणि कुठे, हे हेगच्या परदेशी निरीक्षकांना दाखवता आले. मग शेजारच्या सरपंचाला न दाखवण्यात कोणती सुरक्षा होती? करारच म्हणतो की अस्त्रे नष्ट करताना लोकांच्या सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य द्या, ती समुद्रात टाकू नका, जमिनीत पुरू नका, उघड्यावर जाळू नका. हे पाळले जाते की नाही, हे पाहायला सर्वांत जवळ कोण असते?

तेव्हा मागणी साधी आहे. विष किंवा अस्त्र नष्ट करण्याच्या कामाला त्या सवलतीतून वगळावे, आणि शेजारच्या ग्रामसभेला स्वतःचा जाणकार नेमण्यासाठी पैसा आणि वेळ द्यावा. हे दिल्लीहून आपणहून येणार नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी येत्या २ ऑक्टोबरच्या बैठकीत तसा ठराव घ्यावा, आणि त्याआधी महिनाभर एक अभ्यास गट बसवावा.