पादचाऱ्याचा वाटा

देवालयाची आखणी करताना आपल्या पूर्वजांनी गर्भगृहाभोवती प्रदक्षिणेची जागा आवर्जून राखली. देवस्थानाचे वैभव कितीही वाढो, भक्ताची ती वाट कोणी बुजविली नाही. देवळाबाहेर येऊन डिचोलीच्या रस्त्यावर पाऊल टाकताच मात्र मनात येते: येथे चालणाऱ्याचा वाटा कोणता?

खनिजाच्या ट्रकांनी या तालुक्याचे रस्ते कित्येक वर्षे व्यापले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने खाणी थांबल्या. २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाणीवर अनेकांची चूल पेटते, हे नाकारता येणार नाही. तथापि, ट्रकासाठी रस्ता रुंद करणाऱ्या शासनाने शाळेला पायी निघालेल्या मुलासाठी दोन हात जागा राखू नये, हा कोणता न्याय?

वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावी श्रीलईराईच्या जत्रेला हातात वेत घेतलेले हजारो धोंड जमतात. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. कारणे अनेक असतील. परंतु चालणाऱ्यांच्या वाटेचा विचार सर्वांत आधी व्हावा, हा धडा त्यांतून घ्यावाच लागेल.

कोणी म्हणेल, ‘हल्ली सायकल चालवितो कोण?’ तळीला पायऱ्या न बांधता, तीत कोणी स्नानास उतरत नाही असे म्हणावे, तसेच हे झाले. नेदरलँड्समध्ये १९७० नंतरच्या दशकात रस्त्यांवरील बालमृत्यूंविरुद्ध लोक उभे राहिले. शासनाने सायकलमार्गांवर खर्च केला आणि लोक पुन्हा सायकलीकडे वळले.

ही विचारसरणी आपणांस परकी नाही. वाटसरूंसाठी वड लावणे व विहिरी खोदणे सम्राट अशोकाने धर्मकार्य मानले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

म्हणून डिचोलीच्या बाजारातून शाळा, दवाखाना व देवळांपर्यंत सलग पदपथ, सावलीची झाडे आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी यांकरिता सरकारने अंदाजपत्रकात दरवर्षी निश्चित रक्कम ठेवावी. ही भीक नव्हे. करांतून जमणाऱ्या पैशात पायी चालणाऱ्याचाही हिस्सा आहे.

आणि आपण? देवळाच्या पायरीपर्यंत मोटार आणणाऱ्यासही प्रदक्षिणा पायीच घालावी लागते. त्या घटकेस ज्याच्या बरोबरीने आपण चालतो, त्याला परतीच्या रस्त्यावर गटाराच्या कडेला ढकलून कोणते पुण्य पदरी पडणार?