तीर्थास आपण काय देतो?

सज्जनहो, ज्याच्या योगे माणूस तरतो ते तीर्थ, ही व्युत्पत्ति पाठशाळेत आम्हांकडून घोकून घेतली होती. कीर्तनातून आम्ही ती जन्मभर सांगत आलो. पण जे आपल्याला तारते, ते आपल्याच हातून बुडू लागले तर काय म्हणावे?

नीट ध्यानात घ्या. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पुण्याची मुळामुठाही भीमेतच जाते. ज्या नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते, ती नरसिंहपुरास भीमेला मिळते. तीच भीमा पंढरीस चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा होते. म्हणजे वाटेत नदीत टाकलेली घाण आपल्यामागून वारीच करीत येते! आषाढीच्या स्नानासाठी उजनी धरणातून पाणी सोडतात. त्यातच आपण जुनी धोतरे व निर्माल्य सोडले, तर त्या पाण्याने तरी काय करावे?

आमचीच चूक सांगतो. २०१६ साली एका मुक्कामी आमच्या दिंडीच्या राहुट्या एका शेतकऱ्याच्या रानात पडल्या होत्या. थर्माकोलच्या पत्रावळींवर पंगती उठल्या. रात्री आम्ही तीर्थमहिमा गाइला आणि पहाटे चालते झालो. पुढल्या साली तोच शेतकरी हात जोडून म्हणाला, "महाराज, रान तुमचंच आहे, उतरा. पण गेल्या साली तुम्ही गेल्यावर कचरा वेचण्यात पेरणी लांबली. पिशव्या राहिल्या त्या गाईच्या पोटात गेल्या. गाय वाचली नाही."

तो रागावला नाही, हेच आम्हांस जड गेले. त्या रात्री कीर्तनाला उभे राहिलो, पण भूतदयेवर बोलण्यास तोंड उघडेना.

प्लास्टिकबंदीचा कायदा २०१८ साली आला. गळ्यात माळ असणाऱ्याने कायद्याची वाट का पाहावी? तेव्हापासून आमच्या दिंडीत नेम आहे : ज्याचे त्याने ताट-तांब्या आणावा. दर्शनाला तास न् तास उभे राहतो, तसे फिरत्या शौचालयापाशीही रांगेत उभे राहावे, उघड्यावर बसू नये. चंद्रभागेत साबण लावू नये, वस्त्र सोडू नये. आणि तळ झाडल्यावाचून वीणा पुढे निघत नाही. यात कमीपणा कसला? १९५६ साली देह ठेवीपर्यंत गाडगेबाबांनी कीर्तनाइतकाच खराटाही चालविला.

तळ सोडताना एकदा मागे वळून पाहा. रान आपण येण्यापूर्वी होते तसे दिसले, तर त्या मुक्कामाची वारी विठोबाला पावली असे समजावे.

राम कृष्ण हरि.